दुमडलेले पान न उघडणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा सहावीत तुमच्या वर्गात आला, तेव्हा वहीत मनातले लिहिण्याची त्याने धास्तीच घेतली होती. त्याचे श्रेय त्याच्या आधीच्या शाळेला द्यावे लागेल. रोजनिशीचा उपक्रम तिथेही होता. मात्र तिथे अक्षराला गुण मिळत, शुद्धलेखनाच्या चुकांभोवती लाल गोल पडत आणि ‘चांगलेच विचार लिहा’ अशी ताकीद असे. आम्ही मूळचे अमळनेरचे, घरात अहिराणी बोलतो. गावी राहिलेल्या आजीची आठवण येते, हे त्याने आजीच्याच बोलीत लिहिले, तर ते भर वर्गात वाचून दाखवण्यात आले आणि सगळा वर्ग हसला. त्याच शाळेच्या भिंतीवर ‘भावनिक विकास’ असा भला मोठा रंगीत फलक होता, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलेत, की जे पान मी वाचू नये असे वाटेल, ते मधोमध दुमडून ठेवा. त्याचबरोबर, कोणी तुम्हाला इजा करत आहे असे वहीतून कळले, तर ते मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, हेही लिहायला लावण्याआधीच स्पष्ट केलेत. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे आता बऱ्याच शिक्षकांना ठाऊक असते. पण मुलांना ते आधी सांगण्याचा सरळपणा मी प्रथमच पाहिला.

काही दिवसांनी त्याने एक पान दुमडले. वही परत आली, तेव्हा घडीच्या बाहेर तुम्ही पेन्सिलीने लिहिले होते, ‘घडी पाहिली. उघडली नाही.’ बाई, त्याने तुमची परीक्षा घेतली होती. उघडली तर कळावे म्हणून घडीच्या आत त्याने पेन्सिलीचे एक सालपट ठेवले होते. ते जागच्या जागी होते, हे त्याने मला तीनतीनदा दाखवले. त्या पानावर काय होते, हे मला आजही माहीत नाही. पण पुढची पाने त्याने न दुमडता लिहिली, काही चक्क अहिराणीत, आणि तुम्ही त्यांतला एकही शब्द दुरुस्त केला नाहीत.

मनातले दुखणे लिहून काढल्याचा परिणाम मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सॅन्ड्रा बील यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर अभ्यासला होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच अधिकच उदास वाटले. मात्र पुढील महिन्यांत, प्रसंगाबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शाळेतल्या मुलांच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटते ती मधली उदासी. वही मिटल्यावर त्या वेळी जवळ कोणीतरी भरवशाचे असावे लागते, आणि ते काम गुण देणाऱ्या लाल पेनाचे नव्हे.

आमच्या अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुलांसाठी लिहिणारे थोर खरेच. पण मुलांचे लिहिलेले हाती असूनही, त्यांनी नको म्हटले म्हणून न वाचणारे शिक्षकही मला तितकेच मोठे वाटतात.

पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलतील. वही चालू राहणार असेल, तर घडीचा नियम त्यांना आवर्जून सांगावा, एवढी विनंती.

आपली कृतज्ञ,
सहावीतील एका विद्यार्थ्याची आई