करार माँट्रियलचा, गॅस गल्लीतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदांतून ठराव आणि विमानप्रवास यापलीकडे काही निघत नाही, असा सूर आपल्या अग्रलेखात होता. त्यावर छापून आलेल्या पत्रांनीही त्याला माना डोलावल्या. हवामान परिषदांपुरता हा राग मला समजतो. पण सगळ्याच आंतरराष्ट्रीय संस्थांना एका दावणीला बांधणे बरोबर नाही. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. आमच्या ट्रेडमध्ये कुठला गॅस वापरायचा, कुठले तेल, नळीचा जोड कसा मारायचा, हे एका आंतरराष्ट्रीय कराराने माझ्या नोकरीच्या काळात उलटेपालटे करून टाकले. तो करार म्हणजे ओझोनचा माँट्रियल करार. तो का जमला आणि कुठे अडला, हे दोन्ही सांगण्यासाठी हे पत्र.

फ्रिज-एसीत भरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) वायू वरच्या वातावरणात जाऊन ओझोनचा नाश करतात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराची भयानक झीज आढळली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलमध्ये करार झालासुद्धा. आपण आणि चीन तेव्हा त्यात नव्हतो. माझ्या मते ते योग्यच होते. थरात भोक पाडले ते घरोघर फ्रिज आणि गाडीगाडीत एसी वापरणाऱ्या देशांनी. आपल्याकडे तेव्हा फ्रिज लग्नाच्या यादीतसुद्धा क्वचित असायचा. १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी पैसा आणि तंत्रज्ञान या दोन गोष्टींवर ताणून धरले. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख मुस्तफा तोलबा स्वतः इजिप्तचे, त्यामुळे त्यांना ही भाषा कळत होती. शेवटी निधी ठरला तो असा: तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन आत आले तर २४ कोटी. आपल्या सहीची किंमत चक्क आकड्यात लिहिली गेली होती. १९९२ मध्ये आपण करारात आलो.

मला या कराराचा सर्वांत आवडणारा भाग म्हणजे या निधीची रचना. बहुपक्षीय निधीच्या कार्यकारी समितीत १४ देश असतात, सात विकसित आणि सात विकसनशील. शक्यतो एकमताने निर्णय होतो. ते जमले नाही तर एकूण दोन तृतीयांश मते लागतात, शिवाय दोन्ही गटांत वेगवेगळे बहुमत. म्हणजे पैसे देणारे एकटे काही लादू शकत नाहीत आणि घेणारे एकटे काही उचलू शकत नाहीत. जागतिक बँकेत ज्याचे भांडवल जास्त त्याची मते जास्त. इथे तीच जागतिक बँक या समितीची कामे अंगावर घेणारी एक संस्था आहे, हिशेब समितीला द्यायचा!

अशा संस्था चार आहेत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, पर्यावरण कार्यक्रम, औद्योगिक विकास संघटना आणि जागतिक बँक. कारखान्याची लाइन बदलायची, देशाच्या सरकारी कक्षाला कायदे आणि प्रशिक्षणात मदत करायची, उत्पादन बंद करायला भरपाई द्यायची, अशी कामे त्यांच्यात वाटलेली असतात. प्रकल्प मिळवण्यासाठी त्यांच्यात चढाओढ नसते असे मी म्हणणार नाही. पण एका देशाच्या एका योजनेला एक प्रमुख संस्था ठरते आणि जाब तिला विचारला जातो. एचसीएफसी (सीएफसीच्या जागी आलेले, ओझोनला कमी घातक वायू) बंद करण्याच्या आपल्या योजनेत ही जबाबदारी विकास कार्यक्रमाकडे आहे, आणि पर्यावरण कार्यक्रम व जीआयझेड ही जर्मन सरकारची विकास संस्था सोबतीला. दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन कक्ष या सगळ्यांचे एकच दार. सीएफसीचे उत्पादन थांबवण्यासाठी भारताला जागतिक बँकेमार्फत ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले; तेही एकरकमी नाही, दरवर्षी उत्पादन किती घटले ते तपासून हप्त्याहप्त्याने. विकसनशील देशांना मुदत १ जानेवारी २०१० ची होती. दम्याच्या पंपांपुरती सूट सोडली तर भारताने १ ऑगस्ट २००८ लाच हे काम उरकले. सरकारी काम मुदतीच्या आधी पूर्ण झाल्याची किती उदाहरणे आपल्या वाचकांना आठवतात?

शास्त्रज्ञांचे गट वाटाघाटींपासून वेगळे ठेवले, हीही शहाणपणाची गोष्ट. त्याचा उपयोग २०१८ मध्ये दिसला. बंदी असलेल्या सीएफसी-११ चे प्रमाण हवेत अपेक्षेइतके घटत नाही, असे मोजणीतून पुढे आले. दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा या दोन केंद्रांवरच्या नोंदींवरून २०१९ मध्ये बोट पूर्व चीनकडे गेले. पुढच्या एक-दोन वर्षांत ते उत्सर्जन खाली आले. कुणी कुणावर निर्बंध घातले नाहीत. पण आपण मोजले जातोय हे कळणे पुरेसे ठरले.

आता दुसरी बाजू. एका कराराच्या आत समन्वय इतका चांगला असताना दोन करारांच्या मध्ये काय झाले ते पाहा. सीएफसी काढून आम्ही फ्रिजमध्ये १३४ए हा एचएफसी कुळातला गॅस भरायला शिकवू लागलो. ओझोनला तो निरुपद्रवी. पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. १९९७ च्या क्योटो कराराने याच कुळातले वायू हरितगृह वायूंच्या यादीत टाकले. म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एका करारातून निधी मिळालेला उपाय दुसऱ्या कराराच्या आरोपींच्या यादीत! हे अज्ञानातून झाले म्हणावे, तर मूळच्या चेन्नईकडच्या वीरभद्रन रामनाथन यांनी सीएफसी वायू उष्णता धरून ठेवतात हे १९७५ मध्येच दाखवले होते. माहिती होती. पण ओझोनवाल्यांची बैठक वेगळी, हवामानवाल्यांची वेगळी, आणि प्रत्येक देशातून तिथे जाणारे अधिकारीही वेगळे.

याहून विचित्र प्रकार पुढे घडला. बावीस नंबरचा गॅस, म्हणजे आपल्या जुन्या खिडकी एसीतला एचसीएफसी, बनवताना एचएफसी-२३ हा वायू आपोआप तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक तापदायक. क्योटो करारातल्या यंत्रणेने तो जाळून टाकणाऱ्या कारखान्यांना कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन घटवल्याची विकता येणारी प्रमाणपत्रे, दिली. ही क्रेडिट इतकी महाग विकली जाऊ लागली की मूळ मालापेक्षा कचरा जाळणे फायद्याचे झाले. चीनमध्ये आणि आपल्याकडेही या कारखान्यांनी त्यावर बक्कळ कमाई केली. ज्या बावीसला माँट्रियल करार हद्दपार करू पाहत होता, तोच गॅस बनवत राहण्यात हवामान करारामुळे नफा होता. युरोपीय संघाने मे २०१३ पासून ही क्रेडिट घेणे बंद केले. भारताने ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करायला सांगितले, आणि त्याच आठवड्यात रवांडातल्या किगालीत सर्व देशांनी एचएफसी वायूही माँट्रियल कराराच्या कक्षेत घेतले. म्हणजे १९ वर्षांनी दोन खाती एका टेबलाशी आली.

हीच रचना हवामानाला का लावत नाहीत, असे विचारले जाते. काही अंशी लावलीही आहे. हरित हवामान निधीच्या २४ जणांच्या मंडळात निम्मे विकसनशील देशांचे आहेत. त्यातून विकास कार्यक्रमामार्फत आंध्र, ओडिशा आणि आपल्या किनारपट्टीसाठी २०१८ मध्ये प्रकल्प मंजूर झाला, त्यात सिंधुदुर्गाचाही भाग आहे. पण ओझोनच्या बाबतीत रसायनांची यादी ठरलेली होती, कारखाने मोजके होते आणि बदलाचा जादा खर्च कागदावर मांडता येत होता. ३० हून अधिक वर्षांत त्या निधीचे ४०० कोटी डॉलरहून थोडे जास्त लागले. कोळसा, शेती, वाहतूक यांचा जादा खर्च कोण आणि कसा मांडणार? २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी कबूल केलेले वर्षाला १०,००० कोटी डॉलर २०२० पर्यंत द्यायचे होते, ते २०२२ साली पूर्ण झाले असे देणाऱ्यांचाच हिशेब सांगतो. इथे आपल्या अग्रलेखाशी माझे भांडण नाही.

माझे भांडण आहे ते शेवटच्या माणसाबद्दल. माँट्रियल करार कारखान्याच्या फाटकापर्यंत उत्तम पोहोचला. तिथून पुढे तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर एका हाताने ग्रिल धरून बसलेल्या मेकॅनिकपर्यंत तो फार पातळ होत गेला. एसी थंड करत नाही म्हणून तो येतो, उरलेला गॅस हवेत सोडतो, जोड मारतो आणि नवा भरतो. गॅस परत काढून घेणारे रिकव्हरी मशीन त्याच्याकडे नसते. असले तरी ते तीन जिने चढवायचे, अर्धा-पाऊण तास चालवायचे, त्याचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही, आणि काढलेला गॅस जमा कुठे करायचा हे त्याला कुणी सांगितलेले नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही व्हॉल्व्ह उघडला असता. पण एसीतला ४१० नंबरचा (एचएफसी) एक किलो गॅस सोडणे म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडणे.

या योजनांतून मेकॅनिकांचे प्रशिक्षण झालेच नाही असे नाही. कार्यशाळा झाल्या. २०१९ च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्याने एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्यही ठेवले. पण या धंद्यातली बहुतेक मुले आयटीआयची पायरी न चढता उस्तादाच्या हाताखाली शिकलेली. एक दिवस कार्यशाळेला बसायचे म्हणजे एप्रिल-मेच्या हंगामातला एक दिवस बुडवायचा. युरोप-अमेरिकेत प्रमाणपत्राशिवाय या गॅसला हात लावता येत नाही. आमच्या भागात कुणीही दुकानात जाऊन डबा उचलतो.

आणि आता हा प्रश्न फक्त वातावरणाचा राहिलेला नाही. नव्या एसीतला बत्तीस नंबरचा गॅस मंदपणे पेट घेणारा आहे. २९० म्हणजे तर प्रोपेनच. तापमानवाढीच्या दृष्टीने तो जवळजवळ निर्दोष, आणि त्यावर चालणारे एसी गोदरेजने २०१२ पासून आपल्या शिरवळच्या कारखान्यात जर्मन सहकार्याने बनवून दाखवले. पण बावीसच्या सवयीने, गॅस पूर्ण न काढता जोड मारायची ज्योत (टॉर्च) पेटवणाऱ्या मुलाच्या हातात असे यंत्र देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

किगाली दुरुस्तीनुसार भारताला २०२८ मध्ये एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवायचा आहे. बावीसला तर २०३० ची मुदत आहे. नवा गॅस महाग आणि दुर्मिळ होत जाणार, तेव्हा काढलेला गॅस साफ करून पुन्हा विकणे हाच उद्या चांगला धंदा होऊ शकतो. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र लागेल. आयटीआयची कार्यशाळा त्याला पुरेशी आहे. जागा आहे, वीज आहे, शिकवणारे आहेत. ते सुरू करायला माँट्रियलच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याहून सोपे काम म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका, सरकारी रुग्णालये आणि न्यायालये यांच्या एसी देखभालीच्या निविदांत दोन अटी घालणे: प्रमाणित टेक्निशियन आणि काढलेल्या गॅसची नोंद. सरकारी गिऱ्हाईकच हे पैसे देऊ लागले की रिकव्हरी मशीन बाजारात भाड्याने मिळू लागेल, ते मला कुणी शिकवायला नको.

आपले प्रतिनिधी दरवर्षी हवामान परिषदांना जातात, त्यांनी जावेच. मात्र त्याआधी एकदा आपल्याच कार्यालयाच्या एसी देखभालीचा करार काढून पाहावा. काढलेल्या गॅसचे काय करायचे याची एखादी ओळ त्यात आहे का? नसेल तर पुढच्या नूतनीकरणात ती घालून घ्या, आणि कंत्राटदाराने त्यासाठी किती जादा मागितले ते छापा.

कळावे,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा