बारा जानेवारीला हार फक्त पुतळ्यांनाच का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

१२ जानेवारी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस, जवळ आली की चार पुतळा चौक धुऊन निघतो, हार येतात, नेतेमंडळी येतात, फोटो होतात आणि तासाभरात सगळे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गडबडीला लागतात. यात वाईट काही नाही, मी पण गड्ड्याला जातोच. पण बरेच दिवस मनात एक गोष्ट घोळतेय ती लिहितो, छापली तर बरं होईल.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावं माझा मुलगा एका दमात म्हणून दाखवतो. पण त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे, म्हणजे संपादक साहेब तुमच्याच लाइनमधले होते, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं. १९३० च्या मे महिन्यात इथं इंग्रजांचा मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लागला, पुढच्या जानेवारीत येरवड्याला चौघांना फाशी दिली, आणि कुर्बान हुसेन तेव्हा ऐन विशीतले. म्हणजे लिहिणाऱ्या बोलणाऱ्या माणसाला आपण पुतळा करून चौकात बसवलंय आणि तसाच लिहिणारा बोलणारा माणूस आज गल्लीत जिवंत फिरत असला की आपण त्याला ‘ब्लॅकमेलर’ म्हणतो, मला बोलायचंय ते एवढ्याचसाठी.

आमच्या गल्लीतले एक काका आहेत, नाव सांगत नाही कारण त्यांना आवडणार नाही. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं, आता रिटायर. गल्लीत रस्ता आणि गटार झालं, कुठल्या ऑफिसनं केलं तेही राहू द्या, आणि पहिल्याच पावसात डांबर वाहून गेलं. बाकी आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर शिव्या घातल्या आणि गप बसलो. काकांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला, माहिती अधिकाराचा फॉर्म भरला, आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांच्या वर जाऊ नये असा नियम आहे म्हणून बोटं मोजत मोजत तीनदा लिहून काढला. आवकच्या खिडकीवरचा माणूस म्हणे, “मामा, या वयात कशाला ताप करून घ्यायलाव?” काका म्हणाले पोच द्या.

उत्तर द्यायला कायद्यात तीस दिवस आहेत. तिसाव्या दिवशी काही नाही, चाळिसाव्या दिवशी पत्र आलं की ४१ पानं आहेत, दोन रुपयांप्रमाणे ८२ रुपये भरा. (मुदत संपल्यावर माहिती फुकट द्यायची असते हे काकांना ठाऊक होतं, तरी भरले, म्हणाले ८२ रुपयांसाठी कुठं भांडू.) भरल्यावर कळलं नस्ती म्हणजे फाइल ऑडिटला गेलीय. मग पहिलं अपील, त्याला परत वीस रुपयांचा स्टॅम्प, मग सुनावणी, मग एकदाची ३५ पानं हातात पडली. त्यात मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही, होती. तिच्यात गटार ११२ मीटर. आता ज्यानं जन्मभर कापड मोजलं त्याला हे मीटर शिकवायला निघाले! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांनी मला उठवलं, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि गल्लीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आम्ही मोजलं, ७४ भरलं. मी म्हटलं परत मोजू, परत पण ७४.

ही गोष्ट गल्लीभर झाली तेव्हा लोक काय म्हणाले असतील? चहाच्या टपरीवर एकानं डोळा मारून विचारलं, “काका, ठेकेदारानं किती दिले?” मला वाटतं ऑफिसनं जेवढं दमवलं नाही तेवढं त्या एका वाक्यानं त्यांना दमवलं. चार दिवस ते टपरीवर आले नाहीत. अर्ज टाकून पैसे उकळणारे लोक नाहीत असं मी म्हणणार नाही, आहेत की, आपल्या शहरातही असतील, पण दोन-चार भामट्यांमुळं अर्ज टाकणारा प्रत्येकजण भामटा ठरवायचा आणि ज्यानं ३८ मीटर गटार खाल्लं त्याला मात्र वाढदिवसाचा फ्लेक्स, हा कुठला हिशोब.

आणि हा कायदा काही आभाळातून पडलेला नाही. राजस्थानात १९९६ ला ब्यावरमध्ये साध्या मजूर बायाबापड्यांनी चाळीस दिवस धरणं धरलं, आमचे पैसे आमचा हिशोब म्हणत. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारेंनी याच हक्कासाठी २००३ ला उपोषण केलं. मग २००५ ला देशाचा कायदा आला. १२ जानेवारीच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींना सकाळी फिरायला गेले असताना मारलं, माहिती मागून जमिनीचे घोटाळे बाहेर काढायचे ते. या दोन तारखा कॅलेंडरवर शेजारी शेजारी आहेत आणि आपण एकीला हार घालतो, दुसरी कोणाला आठवत पण नाही.

बोलण्याचं तेच. पालघरला २०१२ ला एकीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या लाइक केल्या म्हणून दोन पोरींना अटक झाली होती, पुढं २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं ते ६६अ कलमच काढून टाकलं. कलम गेलं, पण “पोस्ट काढ बरं का” असा फोन यायचा तो येतोच.

तर माझी सूचना साधी आहे. या १२ जानेवारीला पुतळ्यांना हार घालून झाल्यावर तिथंच, त्याच मांडवात, वर्षभरात ज्यांनी माहिती मागून शहराच्या उपयोगाचं काही बाहेर काढलं त्यांना बोलवा, तोट्यात साप्ताहिक चालवणाऱ्यांना बोलवा. भाषणं नकोत. त्यांनी जी माहिती काढली तीच फ्लेक्सवर छापा आणि त्या त्या गल्लीत लावा, रस्ता किती मीटर, खर्च किती, ठेकेदार कोण, दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. माहिती कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यातलं बरंचसं न मागता जाहीर करायचंच असतं, तेव्हा कोणावर उपकार पण नाहीत. फ्लेक्सची हौस आपल्या गावाला आहेच, एक दिवस या कामाला येऊ दे. यादी करताना भामटे गाळायचे कसे असं कोणी विचारेल, तर सोपं आहे, ज्यानं मिळालेली कागदं सगळ्यांना दाखवली तो आपला.

हे सगळं मी काकांना वाचून दाखवलं. विचारलं, तुमचं नाव सुचवू का, सत्कार करतील, सोलापुरी चादर देतील. काका म्हणाले, घरात आठ चादरी आहेत बाबा, त्यांना म्हणावं राहिलेली सहा पानं द्या.

आपला एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर