स्कॅलिया यांचे विधान आणि टेक्सासचा प्रवेशगुणांक

महोदय,

प्रवेशात वंश विचारात घेण्याला आव्हान देणाऱ्या ‘फिशर विरुद्ध टेक्सास विद्यापीठ’ खटल्यात ९ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी काढलेल्या उद्गारांवर अजून वाद होतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘कमी वेगाच्या’ विद्यापीठात पाठवणे त्यांच्याच हिताचे, असे ‘काहींचे म्हणणे आहे’, असे ते म्हणाले होते. मत दुसऱ्याचे म्हणून मांडले, हे खरे. पण त्याला आधार किती?

टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. तिथे वंश पाहतच नाहीत. खटला भरणाऱ्या, प्रवेश नाकारलेल्या ॲबिगेल फिशर यांनी अर्ज केला त्या २००८ साली राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या ८० टक्क्यांहून अधिक जागा याच वाटेने भरल्या. उरलेल्यांसाठी तेव्हा दोन गुणांक होते: एक परीक्षा आणि शालेय क्रमांकाचा, दुसरा दोन निबंध व एकूण व्यक्तिमत्त्वाचा. वंश येई तो दुसऱ्यात, तोही अनेक बाबींपैकी एक म्हणून. म्हणजे ‘न झेपणाऱ्या जागी बसवलेले’ विद्यार्थी शोधायचे कुठे? आपल्या शाळेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला कमी वेगाचा म्हणणे तर चक्क उद्धटपणा आहे.

न झेपणाऱ्या संस्थेत प्रवेश मिळालेले विद्यार्थी मागे पडतात, या ‘मिसमॅच’ सिद्धांताचा विधी-प्राध्यापक रिचर्ड सँडर यांचा गाजलेला लेख (२००४) विधी महाविद्यालयांपुरता होता. त्याच्या आकडेमोडीवरही अनेक संशोधकांनी आक्षेप घेतले. तो पदवीच्या प्रवेशांना सरसकट लावता येत नाही.

२०१६ मध्ये विद्यापीठ ४-३ ने जिंकले. हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने वंशाधारित प्रवेश बंद झाले. दहा टक्क्यांची वाट मात्र टेक्सासमध्ये आजही आहे, विद्यापीठाच्या मुख्य संकुलात कमाल मर्यादेसह.

– एक वाचक