दोन बोटं बाहेर ठेवणाऱ्या ड्रेसर काकांना

ड्रेसर काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या पदाचं सरकारी नाव ‘व्रणोपचारक’, म्हणजे जखमा धुऊन बांधणारा. नाव भारदस्त आहे, पण निवृत्तीनंतरही गल्लीसाठी तुम्ही ड्रेसर काकाच. काल आमच्या जिन्याखालच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, पंजाचं बँडेज कायमचं निघालं, म्हणून हे पत्र.

तुम्ही येण्याआधी त्या एका पंजावर काय काय प्रयोग झाले ते आठवलं की अजून डोकं फिरतं. काचेनं तळव्याची गादी जेमतेम एक सेंटिमीटर चिरलेली. कुणी हळद दाबली, कुणी त्यावर चहापूड. एका उत्साही गृहस्थांनी डेटॉल आणलं, तेही पाणी न घालता. शेवटी ज्या दवाखान्यात नेलं तिथं क्रेप बँडेज ताणून, बोटांसकट सगळा पंजा बंद करून ‘तीन दिवसांनी या’ सांगून मोकळे झाले. रात्रीपर्यंत भुऱ्या ते दातांनी ओढायला लागला. सोडलं तर आत बोटं फुगून फाकलेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, कारण दिसायला काही ठेवलंच नव्हतं.

तुम्ही आलात आणि आधी गॉजच्या, म्हणजे जाळीदार सुती कापडाच्या, पट्टीचा फास त्याच्या तोंडावरून घेतलात, हनुवटीखाली एक वेढा, गाठ कानांमागे. ‘गरीब आहे हो तो,’ असं कुणीतरी म्हणालं, त्यावर तुमचं उत्तर: ‘दुखलं की गरीबही चावतो. धाप लागलेल्याला किंवा ओकणाऱ्याला मात्र हे बांधायचं नाही.’ हातमोजेही सगळ्यांना घालायला लावलेत. रस्त्यावरच्या कुत्र्याची लाळ आपल्या हातावरच्या ओरखड्याला लागू द्यायची नाही. चावलाच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं.

मग ती हळद धुवायला लागली तेव्हा कळलं की तिनं केलं काय होतं. रक्तात भिजून तिची खपली झालेली आणि खपलीखाली माती तशीच. अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात चहाच्या सपाट चमच्याला किंचित कमी मीठ. मिठाचा हात सैल सुटला तर झोंबतं, कुत्रा पुन्हा पाय देत नाही. सुई काढलेल्या वीस मिलीच्या सिरिंजनं तुम्ही त्या पाण्याची धार मारत राहिलात, बारीक वाळू निघेपर्यंत. नंतर शंभर मिली पाण्यात दोन मिली दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. गडद म्हणजे जास्त गुणकारी, हा समज तुम्ही तिथंच मोडलात: गडद औषध, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळी जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही जाळतात.

धुताना पुन्हा रक्त आलं तेव्हा घड्याळ लावून दहा मिनिटं गॉजची घडी दाबून धरलीत. त्याआधी आम्ही दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघत होतो, आणि बसत आलेली गुठळी त्या बघण्यानंच निघत होती. गादीला रक्तपुरवठा भरपूर, त्यात प्रत्येक पावलाला वजन पडून चिरेच्या कडा फाकतात. म्हणून एवढीशी जखम घाबरवते आणि भरायलाही वेळ घेते.

बँडेज तुम्ही सावकाश बांधलंत. जखमेवर कापूस ठेवलाच नाहीत, त्याचे तंतू चिकटतात. तिथं गॉजची घडी. कापूस गेला बोटांच्या बेचक्यांत, पातळ, घाम आणि घासणं टिपायला. मग गॉजची गुंडाळी खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, मनगटाच्या वरपर्यंत, नाहीतर ते मोज्यासारखं निसटतं. वरच्या कडेखाली एक बोट सहज सरकायला हवं. मधल्या दोन बोटांची नखं बाहेर. रबर बँड तर कुणाच्या हातातसुद्धा दिसू दिलं नाहीत. फिरायला जाताना वरून दुधाची पिशवी, आणि आत आल्याआल्या ती काढायची, कारण आतल्या दमटपणानं जखम पांढरी पडून कुजते. बँडेज ओलं झालं की लगेच बदलायचं, नाहीतर पहिले तीन दिवस रोज, पुढं एक दिवसाआड.

हे सगळं शिकता येतं, काका. शिकवूनही येत नाही ते त्या रात्री घडलं. साडेदहाला तुम्ही बॅटरी घेऊन पुन्हा आलात. जिन्याखाली वाकलात, भुऱ्याच्या बाहेर ठेवलेल्या त्या दोन बोटांना आपल्या बोटांच्या पाठीनं स्पर्श केलात, नखं एकमेकांपासून लांब गेलीत का पाहिलंत. ‘गरम आहेत. झोपा आता.’ एवढंच बोलून गेलात. बँडेज घट्ट झालं तर ते बांधताना कळत नाही, काही तासांनी कळतं. बोटं गार पडतात, फाकतात. ती दोन बोटं तुम्ही बाहेर ठेवली होतीत, कारण परत येऊन बघायचं तुमच्या मनात आधीच होतं. ‘तीन दिवसांनी या’वाल्यांना ती झाकून टाकणं सोयीचंच होतं.

काम करून पुन्हा एकदा डोकावणारी माणसं कमी झाली आहेत. गॅसची शेगडी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी ‘वास येत नाही ना?’ विचारायला थांबणारा एखादाच, सलाईन लावल्यावर बोलावल्याशिवाय येऊन हात चाचपणारी नर्स एखादीच. त्यांना कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून थोडं त्यांच्याही वाट्याचं हे.

तुम्ही घरगुती उपायाची हद्दही आखून दिलीत, ती जिन्याखाली लिहून लावली आहे. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त न थांबणं, जखम उघडी राहून आतली चरबी दिसणं, मोडलेला काटा, दुसऱ्या दिवशीही पाय न टेकणं, वास, अळ्या: यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर. दिवाळीनंतर गवत वाळलं की बोटांमध्ये येणारी गाठ ही बहुतेकदा शिरलेलं कुसळ असते. ते आत सरकत जातं, चिमट्यानं उकरायचं नाही. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, कुत्र्याला अजिबात नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन मागणाऱ्या जोशीबाईंना तुम्ही हसून सांगितलंत की कुत्र्याला धनुर्वात सहसा होत नाही, तेही शेवटी लिहून ठेवलंय. त्यांनीच लिहिलं.

तुमची बोथट टोकाची कात्री आमच्याकडेच राहिली आहे. उकळून, पुसून ठेवली आहे. उद्या सकाळी आणून देतो. भुऱ्या बरोबर असेल, चार पायांवर.

आपले नम्र,
जिन्याखालच्या कुत्र्याची सगळी माणसं