रिआल देल मोंतेची दफनभूमी

महोदय,

जुन्या खाणींविषयी लिहिताना आपल्याकडे उत्पादनाचे आकडे येतात. तेथील दफनभूमीकडे सहसा कोणी वळत नाही. मेक्सिकोतील रिआल देल मोंते या चांदीच्या खाणींच्या गावी १८२५ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आले, त्यांतले कित्येक वेराक्रूझच्या किनाऱ्यावरच पीतज्वराने दगावले. पुढे गावात वारलेल्या प्रोटेस्टंटांना कॅथलिक दफनभूमीत जागा नसल्यामुळे टेकडीवर, उंच झाडांखाली ‘पांतेओन इंग्लेस’ (इंग्रजांची दफनभूमी) उभे राहिले. थडगी इंग्लंडच्या दिशेने आहेत, एका विदूषकाचे तेवढे निराळ्या दिशेला, असे तेथे सांगितले जाते. (त्या कामगारांची मांस-बटाट्याची करंजी, ‘पास्ते’, गावात अजून विकतात.) या खाणींचा कारभार पाहणाऱ्या जॉन टेलर यांच्याच घराण्याच्या पेढीने १८८० पासून कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवल्या, तेथील थडग्यांवरही आपण सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे