स्टिरॉइड सोडल्यानंतरच्या महिन्यांकडे दुर्लक्ष

महोदय,

पिळदार शरीरासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅनाबॉलिक स्टिरॉइडविषयी (म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि त्याची कृत्रिम रूपे) लिहिले जाते, तेव्हा भर यकृत आणि हृदय यांवर असतो. तो योग्यच आहे, कारण या औषधांनी एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घसरते, रक्त दाट होते आणि हृदयाच्या डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड होते. (दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टर देतात ती स्टिरॉइडे वेगळी, हे पत्र वाचून कोणी ती बंद करू नयेत.) मानसोपचारतज्ज्ञ म्हणून मला मात्र दुसरीच काळजी वाटते.

स्टिरॉइडची ‘सायकल’, म्हणजे सलग काही आठवडे ती घेण्याचा टप्पा, चालू असताना झोप उडणे, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जाणे, संशय घेणे, ही लक्षणे घरच्यांच्या निदान नजरेस तरी येतात. ती सर्वांमध्ये दिसत नाहीत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत निरोगी पुरुषांना आठवड्याला 600 मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिले असता बहुतेकांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही, पण मोजक्या काहींमध्ये उन्मादाची ठळक लक्षणे दिसली. ते मोजके कोण असतील, हे आधी ओळखता येत नाही. त्यामुळे ‘माझ्या मित्राला काही झाले नाही’ या युक्तिवादाला अर्थ उरत नाही. शिवाय जिममध्ये घेतले जाणारे डोस अनेकदा याहून मोठे असतात.

खरी जोखीम पुढे आहे. बाहेरून हार्मोन मिळत राहिल्याने वृषणांना मेंदूकडून जाणारा संदेश थांबतो, वृषणे आकसतात आणि इंजेक्शने बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. या मधल्या काळात तीव्र नैराश्य येऊ शकते, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या दंडाला रक्तदाब मोजण्याचा नेहमीचा पट्टा पुरेना, मोठा मागवावा लागला. आणि तो मान खाली घालून सांगत होता की हात बारीक दिसतात म्हणून तो घराबाहेर पडत नाही. इंजेक्शने बंद करून त्याला दीड महिना झाला होता. ‘सोडले म्हणून आम्ही निश्चिंत होतो,’ असे त्याची आई म्हणाली. त्याआधी महिनाभर त्याच्यावर इतरत्र नैराश्याचे उपचार चालू होते, परंतु इंजेक्शनांबद्दल त्याला कोणीच विचारले नव्हते.

नैराश्य घेऊन आलेल्या व्यायामपटूला हा प्रश्न थेट विचारावा, अशी माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. घरच्यांनीही स्टिरॉइड सोडणाऱ्याला पहिले काही महिने एकटे पडू देऊ नये आणि हार्मोनच्या तपासणीबरोबरच त्याच्या मनःस्थितीचीही तपासणी करून घ्यावी.

आपला,
एक मानसोपचारतज्ज्ञ वाचक