चिंचेवरची वटवाघळे आणि आमची टोळंबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाह विषाणूची बातमी आली की तिच्याशेजारी उलट्या लटकलेल्या वटवाघळाचा फोटो असतोच. असाच एक फोटो फेब्रुवारीअखेर आमच्या गावात मोबाइलवरून फिरला. मग पोरांनी लागोपाठ तीन संध्याकाळी मामा तलावाच्या पाळीवरच्या चिंचेखाली सुतळी बॉम्ब फोडले. माझ्या सासूबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हाही त्या चिंचेवर वाघळे होती. चौथ्या दिवशी झाड रिकामे झाले. खाली एक मादी मरून पडली होती आणि तिच्या छातीला पिल्लू बिलगलेले होते. ते दुपारपर्यंत जिवंत होते. या मोठ्या वाघळाला वर्षाकाठी एकच पिल्लू होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, पण मोहाची फुले वेचायला जाते ती लहानपणापासून. पहाटे चारला टोपली घेऊन झाडाखाली पोहोचावे आणि अंधारात टपटप ऐकत बसावे. माझी आई वाघळांना शिव्या घालायची, 'आपल्या आधी येऊन खाऊन जातात' म्हणायची. मलाही तसेच वाटे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा दोन मोसम मी रात्रीच जाऊन झाडाखाली बसले आणि नीट पाहिले.

मोहाची फुले पाने झडलेल्या फांद्यांच्या टोकांना झुपक्यांनी लोंबतात. फूल गळायच्या आधीच कळीच्या तोंडातून एक लांब दांडी बाहेर येते. तो फुलाचा स्त्रीकेसर. वाघूळ वासावर येते आणि झुपक्याला लटकते, तेव्हा ही दांडी त्याच्या तोंडाला, मानेच्या केसांना घासते. त्या केसांत आधीच्या झाडाचे पराग असतात. मग ते पाकळ्यांची गोड वाटी ओढून काढते, दुसऱ्या झाडावर नेऊन रस चोखते आणि चोथा थुंकते. देठाशी राहिलेल्या भागाला काहीच होत नाही, आणि फळ तिथेच धरते. आईला गेलेले फूल दिसे. मागे राहिलेला देठ आम्ही कोणीच कधी पाहिला नव्हता. दक्षिण भारतातल्या मोहावर संशोधकांनी रात्री जागून अशीच निरीक्षणे केली आहेत. तिथे तीन जातींची फळवाघळे मोहावर येतात. त्यांत मुठीएवढे वाघूळ आहे, तसे पंख पसरल्यावर मीटरभराहून रुंद होणारेही.

फळ धरले तर टोळंबी, म्हणजे मोहाची बी, मिळते. मोहफुलाला बाजार आहे म्हणून सगळे त्याच्याबद्दल बोलतात, पण आमच्या घरात थंडीत तुपासारखे थिजणारे टोळंबीचे तेल स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला असते. फळे पिकली की वाघूळ पुन्हा येते, गर खाते आणि बी लांब कुठेतरी टाकते. वाघळांच्या खाण्याच्या झाडाखाली बायांना टोळंबी आयती वेचायला मिळते. नवा मोह कोणी हाताने लावलेला मी फारसा पाहिलेला नाही. रानात उगवलेली रोपे कोणी पेरली, याचा विचार करावा.

मोहच कशाला, टेटूचे झाड घ्या. त्याच्या शेंगा तलवारीसारख्या लांब, आणि मूळ दशमुळात लागते. त्याची फुले रात्री उमलतात, त्यांना उग्र दर्प असतो, आणि त्यांचा भरवसा वाघळांवरच. पांढऱ्या सावरीवर आणि रानकेळीच्या फुलांवरही वाघळे मध प्यायला येतात. काही जातींची जीभ त्यासाठीच लांब आणि टोकाला कुंचल्यासारखी असते. मधात साखर भरपूर, पण अंगाला लागणारी प्रथिने जवळजवळ नाहीत. ती त्यांना परागांतून मिळतात. अंगावरचे केस चाटून साफ करताना ती पराग गिळतात. तरी पुढच्या फुलासाठी पुरेसे उरतात.

आजाराची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. म्हणून उष्टे, कुरतडलेले फळ खाऊ नये, मेलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये. माझ्या नातवंडांना मी हेच शिकवते. पण फटाक्यांनी ही वाघळे संपत नाहीत, ती घाबरून दुसऱ्या कुणाच्या अंगणातल्या झाडावर जातात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळवाघळांना उंदरांच्या आणि कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी ठरवले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागूही झाली. आमच्या गावात हे कोणालाच माहीत नव्हते. मलाही चिंच रिकामी झाल्यावर शोधताना कळले.

माझी आपल्याला विनंती एवढीच की, यापुढे वाघळाचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली काय जपावे याच्या चार ओळीही छापा, आणि मोहाच्या मोसमात एकदा तरी त्याच्या कामावर लेख येऊ द्या. यंदा मोह बरा फुलला. टोळंबी किती येते ते जूनमध्ये कळेल. चिंचेवर अजून एकही वाघूळ परतलेले नाही. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. हे पत्र छापून आले तर त्याचे कात्रण सोबत नेईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली